किल्ला डाव्या हाताला

सकाळी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले, तर शेगडीला बटणंच नव्हती. चारी बर्नर जागच्या जागी, लायटर खिळ्याला, पातेलं ओट्यावर पालथं, आणि जिथे बटणं असायची तिथे चार बारीक लोखंडी काड्या पुढे आलेल्या. दात पडलेल्या माणसाच्या तोंडाकडे आपण पटकन बघत नाही, तसं मी आधी खिडकीकडे बघितलं. मग वाटलं, गळून पडली असतील. चारही एकदम कशी गळतील हा विचार सुचायच्या आत मी वाकून ओट्याखाली हात फिरवत होते. तेवढ्यात मागून अमिता आली, माझी सून. "आई, मी टाकते ना चहा. तुम्ही बसा बाहेर." तिने गाऊनच्या खिशातून एक बटण काढलं, काडीवर बसवलं, गॅस पेटवला आणि बटण परत काढून खिशात टाकलं. हे सगळं तिने इतक्या हलक्या हाताने केलं की ते तिने आज पहिल्यांदा केलेलं नाही हे मला कळलं. "नीलेश म्हणाला का?" मी विचारलं. "काळजीपोटीच हो, आई," ती दुधाकडे बघत म्हणाली. दूध अजून थंडच होतं.

मी हॉलमध्ये येऊन बसले. रियाधच्या अल मलाझमधली ही जुनी इमारत, खाली शिंप्याचं दुकान, त्याच्या शेजारी रोटीवाला. सकाळच्या वेळी तंदूरचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. मला हा वास आवडतो. तो आला की आपण नक्की कुठल्या वर्षात आहोत हे ठरवायची घाई राहत नाही. पण त्या सकाळी मी मुद्दाम ठरवत होते. आज बुधवार. माझं नाव इंदुमती. कमलाकर जाऊन नऊ वर्षं झाली. पालशेतला आमचं दोन खोल्यांचं घर आहे, पुढे पडवी, मागे रातांब्याची झाडं, आणि पडवीच्या पायरीवर बसलं की समुद्र दिसत नाही पण ऐकू येतो. कमलाकर गेल्यापासून मी तिथे एकटी राहते, वर्षातून काही महिने इथे लेकाकडे येते. डिसेंबरात मी परत जायचं होतं. ते तिकीट नीलेशने मागच्या आठवड्यात रद्द केलं होतं. "आता तिकडे एकटी नको, आई. व्हिसा वाढवून घेऊ, पुढचं पुढे बघू," असं म्हणाला आणि फोनमध्ये डोकं घातलं. घराची किल्ली शेजाऱ्यांकडे आहेच, ते बघतील, असंही म्हणाला. घर बघायला देता येतं, हे मला ठाऊक आहे. पण त्या पायरीवर बसणं कुणाला बघायला देता येत नाही. पण त्याला दोष कसा देऊ? मी फ्रान्समध्ये हरवले होते, हे खरंच होतं.

म्हणजे त्यांच्या लेखी हरवले होते.

हे सगळं ओदीलपासून सुरू झालं. आम्ही इथेच, सौदीतल्या हुफूफला होतो, नीलेश चार वर्षांचा होता. कमलाकर तेव्हा खजुरीच्या बागांना पाणी पोचवणाऱ्या कालव्यांच्या कामावर होते, आणि पंप बसवायला काही फ्रेंच लोक आले होते. आमच्या पोर्टाकॅबिनची रांग आणि त्यांची रांग समोरासमोर, मधे धुण्याच्या दोऱ्या. ओदील पंपवाल्या मार्सेलची बायको. हाडापेराने मोठी, गवताच्या रंगाचे केस, नाक नेहमी सोललेलं. तिला इंग्रजी माझ्याइतकंच यायचं, म्हणजे फारसं नाही. आम्ही दोघी मिळून एक वाक्य पुरं करायचो. मला ती 'ऐंदू' म्हणायची. मी तिला पोहे शिकवले, तिने मला अंड्याचा एक पदार्थ शिकवला जो मी कधी केला नाही. गुरुवारी सुट्टी असायची. त्या दिवशी कंपनीची छोटी बस बायकांना बाजारात न्यायची, आणि बाजार आटोपला की कधी गरम पाण्याच्या झऱ्यावर, कधी जुन्या किल्ल्यापाशी, कधी कारा गावाजवळच्या डोंगरावर. बस चालवायला हर्णैचे वहाबभाई होते. फिरायला जाण्यात त्यांनाच जास्त रस. "वहिनी, घरात बसून काय वाळूच मोजायची? यल्ला, चला!" असं म्हणून हॉर्न वाजवायचे.

काराचा तो डोंगर म्हणजे उंच नाही, पण त्याला लागून असा काही सपाट मुलूख आहे की चार पावलं चढलं तरी जग खाली गेल्यासारखं वाटतं. आत गार कपारी, त्या कपारींत कुंभार बसायचे, मडकी घडवताना चाकाचा आवाज डोंगराच्या पोटातून यायचा. वर गेलं की नजर पोचेल तिथपर्यंत खजुरी. हिरवा नव्हे, धुळकट निळसर असा तो रंग. वारा आला की सगळ्या बागा एकदम कूस बदलतात. तिथेच एका हिवाळ्यातल्या दुपारी ओदीलने मला तिचं गाव दाखवलं. बाकीच्या बायका खाली सावलीत डबे उघडत होत्या. मी वर एका खडकावर बसले होते. ती आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि हात उचलून म्हणाली, "ऐंदू, लुक. माय व्हिलेज." मी बघितलं. तिथे खजुरीच होत्या. पण तिने हात ज्या ठाम विश्वासाने उचलला होता, त्याने मी हसले नाही. तिने एक हात लांब केला. तिथे उभा कडा, कड्यावर पिवळ्या दगडाचा किल्ला. दुसरा हात. तिथे चर्च, त्याच्या मागे दफनभूमी, तिथे तिचे आजी-आजोबा. दोन्हींच्या मधून नदी, हळूहळू वळत जाणारी. नदीवर जुना पूल. पुलापलीकडे अक्रोडांची शेतं, बदकं, आणि एक कबुतरखाना, जो आता रिकामा आहे. छपरं दगडाच्या पातळ चिपांची. पाऊस पडला की ती काळी होतात आणि ऊन पडलं की मधासारखी. 'मध' या शब्दासाठी तिला फार वेळ लागला, शेवटी तिने माशीसारखा आवाज काढला. लहानपणी ती समोरच्या टेकडीवरून हे सगळं बघायची, रोज, गाई वळायला जाताना. मी विचारत गेले, ती सांगत गेली. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती म्हणाली, आता तुझं दाखव. मग मी त्याच खजुरींवर माझं गाव मांडलं. इथे खाडी, इथे देऊळ, इथे आमचं खळं. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. त्या दिवशी एकाच बागेत दोन गावं वसली, आणि वरून दोन्ही स्पष्ट दिसत होती.

एक गंमत अजून आठवते. त्या खडकापाशी मी चपला काढून ठेवल्या होत्या, शेजारी-शेजारी, सरळ. उंच जागी गेलं की चपला काढायची मला लहानपणापासूनची सवय. आमच्याकडे प्रत्येक टेकडीवर कुठला ना कुठला देव असतोच. खाली उतरायची वेळ झाली तर माझ्या चपला ओदीलच्या हातात. मी मागितल्या, ती देईना. मान हलवायची, हसायची आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरून चालायची. बसपर्यंत मी अनवाणी उतरले. वहाबभाई दारात उभे. "काय वो वहिनी, फिरंगी बाई तुमच्या चपला घेऊन पलाली वाटतं!" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदाच हसले असं कमलाकरांनी नंतर सांगितलं, कुणाकडून तरी ऐकून.

त्याच हिवाळ्यात माझं दुसरं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. मुलगी होती. कमलाकर आणि वहाबभाई दोघं तिला घेऊन गेले आणि परत आले; कुठे ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. वहाबभाईंच्या पायजम्याला गुडघ्यापाशी ओली माती होती एवढं मी पाहिलं. नंतर सगळे मला "आता कशी आहेस" म्हणून विचारायचे आणि मी "बरी आहे" म्हणायचे. मी बरी होतेच. स्वयंपाक करत होते, नीलेशला न्हाऊ घालत होते. फक्त अंतरं मला नीट कळत नव्हती. भिंत जवळ वाटायची आणि ती लांब निघायची. पेला टेबलावर ठेवायला जायचे आणि तो खाली पडायचा.

पुढच्या वर्षी पंपांचं काम संपलं, ओदील गेली. जाताना मी तिची ओटी भरली. नारळ मिळाला नाही म्हणून खजुरीचा घोस घातला, तिने तो पदरासारख्या धरलेल्या स्कर्टमध्ये घेतला. सुरुवातीला नाताळची कार्डं आली, मग ती थांबली. पण गाव राहिलं. मी त्या गावात चाळीस वर्षं जात होते. पालशेतच्या पायरीवर दुपारी डोळे मिटले की मी टेकडीवर उभी. डाव्या हाताला कडा आणि किल्ला, उजव्या हाताला चर्च, मधे नदी. पूल ओलांडायचा, अक्रोडांखालून जायचं, कबुतरखान्याशी थांबायचं. एवढ्या वर्षांत मी तिथे एक दगड हलवला नाही. कमलाकर आजारी होते तेव्हा त्यांच्या उशाशी बसून मी नदीच्या कडेकडेने पार वळणापर्यंत जाऊन यायचे.

म्हणून नीलेशने जेव्हा विचारलं की या उन्हाळ्यात आपण सगळेच फ्रान्सला जातोय, आई, तुला काय बघायचंय, तेव्हा मी लगेच गावाचं नाव सांगितलं. ते नाव घरात मला एकटीलाच म्हणता येतं. जुई, माझी नात, तिने फोनवर ते शोधून काढलं आणि ओरडली, "आजी, इट्स रिअल!" जणू तोवर ते माझं बनवलेलंच होतं. पॅरिसचे चार दिवस झाल्यावर भाड्याची गाडी घेऊन आम्ही निघालो. वाटेत सगळे उतरून उतरून बघत होते. लाकडी खांबांवर उभा असलेला जुना बाजार, पायऱ्या झिजलेली चर्चं, सूर्यफुलांची शेतं, ज्यांची तोंडं एकाच दिशेला. जुई फोटो काढत होती. मी काहीच बघत नव्हते. मला पोचायचं होतं. आणि मग वळणावर ती टेकडी आली. गाडी लावायला जागा, लाकडी बाक, माहितीचा फलक. मी उतरले, कठड्याशी गेले, आणि बघितलं.

सगळं होतं. पिवळा किल्ला, कडा, नदी, पूल, चर्च, काळी-मधाळ छपरं. काही म्हणजे काही कमी नव्हतं. आणि सगळं उलटं होतं. किल्ला उजव्या हाताला. चर्च डाव्या हाताला. नदी जिकडून यायला हवी तिकडे चालली होती. आपल्याच घरात जाऊन दार विरुद्ध बाजूला उघडावं, पायऱ्या चढायच्या त्या उतराव्या लागाव्यात, तसं मला झालं. "हे नाही," मी म्हणाले. "किल्ला डाव्या हाताला आहे." नीलेश हसला. "आई, किल्ला काय बस आहे का, बाजू बदलायला?" मी म्हणाले, आपण चुकीच्या टेकडीवर आलोय, समोरच्या बाजूने बघायला हवं. त्याने मला नीट समजावून सांगितलं की समोर टेकडी नाही, सपाट शेतं आहेत, गावाबाहेरची टेकडी ही एवढीच. ते मलाही दिसत होतं. पण चाळीस वर्षं मी जे बघितलं होतं तेही मला दिसत होतं, आणि ते जास्त स्पष्ट होतं.

ओदील वारल्याचं जुईनेच फोनवर शोधून काढलं होतं, म्हणून आधी आम्ही दफनभूमीत गेलो. ओदील तिथे होती, मार्सेलच्या शेजारी, दगडावर चिनीमातीची फुलं. मी हुफूफची खजूर नेली होती, ती ठेवली. मला रडू आलं नाही. मनात एकच चाललं होतं, की चर्चच्या या अंगाला दफनभूमी कशी, त्या अंगाला हवी. मग ते सगळे जेवायला बसले आणि मी हात धुवायला म्हणून उठले ती पुलाकडे चालू लागले. पलीकडून बघितलं तर कळेल, एवढंच डोक्यात. पूल ओलांडला. अक्रोडांखालून गेले. कबुतरखाना दिसला, पण तो रस्त्याच्या चुकीच्या अंगाला होता. मी त्याला वळसा घातला, एकदा, दोनदा, की तो फिरेल. मग दमले आणि अक्रोड वाळवायच्या शेडच्या सावलीत बसले. मी फोन गाडीतच ठेवला होता. त्यांनी मला शोधून काढलं तेव्हा दुपार कलली होती. अमिता रडत होती. नीलेशचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो म्हणाला, "आई, तू कुठे होतीस?" मी खरं ते सांगितलं, "मी बाजू शोधत होते." हे ऐकून त्याने अमिताकडे जे बघितलं, ते बघणं मग रियाधपर्यंत आमच्याबरोबर आलं. त्यातूनच तिकीट रद्द झालं. त्यातूनच बटणं गेली.

त्या बुधवारी चहा पिऊन झाल्यावर मी म्हणाले, "मला एकदा हुफूफला न्या. त्या डोंगरावर." नीलेश ऑफिसला निघत होता. "आई, पुन्हा तेच?" "पुन्हा नाही. शेवटचं." "तिथे आता काय आहे? मला तर काही आठवतही नाही तिथलं." जुई दप्तर भरत होती, ती म्हणाली, "बाबा, प्लीज ना, वीकेंडला तसंही बोअर होतं." नीलेश घड्याळ बघत राहिला. अमिता सिंकपाशी होती. तिने नळ बंद केला आणि म्हणाली, "शुक्रवारी जाऊ. मी चालवते." अमिता गाडी चालवायला लागल्यापासून या घरात काही गोष्टी ती अशा नळ बंद करून ठरवते.

शुक्रवारी आम्ही निघालो. मला तिने पुढे बसवलं. आमच्या काळात आम्ही बायका मागे, पडद्याआड, रस्ता बाजूच्या खिडकीतून तुकड्या-तुकड्याने बघायचो. आता तो मला सबंध दिसत होता, समोरून येत होता. लाल वाळूच्या लाटा, कुंपणापलीकडे उंट, विजेचे खांब एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चाललेले. मला डुलकी लागली असावी. एकदा वाटलं, वहाबभाई गाडी चालवतायत. एकदा वाटलं, बाहेर सूर्यफुलं आहेत. डोळे उघडले तर अमिता गुणगुणत होती आणि मागे बापलेकीचं चाललं होतं. "बाबा, आजीला काय झालंय?" "काही नाही. वय झालंय." "बट शी रिमेंबर्स एव्हरीथिंग." "तेच तर," नीलेश हळू आवाजात म्हणाला, "आठवतं ते बरोबर असतंच असं नाही ना." मी डोळे परत मिटले. तो चूक बोलत नव्हता. मला तीच भीती होती. गॅस चालू राहील ही नाही, वाट चुकेल ही नाही. ते गाव जर मी उलटं बसवलं असेल, तर बाकीचं काय काय उलटं बसवलं असेन? कमलाकरांचा आवाज, पालशेतची खाडी, आईच्या हातावरचं गोंदण नक्की कुठल्या हातावर होतं? एक वीट उलटी निघाली की माणूस सगळी भिंत चाचपायला लागतो.

डोंगराशी आता तिकिटाची खिडकी आहे, कपारींत रंगीत दिवे आहेत, कॉफीचं दुकान आहे. आम्ही मागच्या अंगाने चढलो. जुईने माझा हात धरला होता. वर आता लोखंडी कठडा बसवलाय. पण माझा खडक तिथेच होता. माणसाच्या बसण्याने गुळगुळीत झालेला, जरा डावीकडे कललेला. मी चपला काढल्या, शेजारी-शेजारी ठेवल्या, बसले. खजुरी. तोच धुळकट निळसर रंग. मधून काही बागा गेल्यात, तिथे घरं आलीत. मी बघत राहिले आणि हळूहळू गाव वर आलं. डाव्या हाताला कडा आणि किल्ला. उजव्या हाताला चर्च. मी काय करू? ते तसंच दिसत होतं. नीलेश थोडा मागे फोनवर कुणाशी तरी बोलत होता, अमिता पाण्याची बाटली घेऊन वर येत होती. जुई कठड्याला टेकून म्हणाली, "आजी, मला दाखव ना. तिने कसं दाखवलं तसंच्या तसं."

"अगं, मी इथे बसले होते," मी म्हणाले. "आणि ती?" "ती..." मी तिला आठवलं. गाव आठवताना मला नेहमी आधी ओदीलच आठवते; तिचं सोललेलं नाक, मागून ऊन येतंय म्हणून केसांच्या कडा पेटलेल्या, आणि दोन्ही खांद्यांच्या पलीकडे खजुरी. "ती माझ्यासमोर उभी होती." "म्हणजे इथे? जिथे मी आहे?" "हो. तू इकडे ये, माझ्या जागी बस." जुई येऊन खडकावर बसली. मी तिच्या जागी गेले, कठड्याकडे पाठ केली, तिच्याकडे तोंड केलं. आणि ओदीलने उचलला होता तसा उजवा हात लांब केला. "इथे किल्ला." मग डावा. "इथे चर्च."

जुई माझ्याकडे बघत होती. मग तिने स्वतःचे दोन हात उचलले, माझ्या हातांना समोरून लावले. आरशात लावतात तसे. तिचा डावा माझ्या उजव्याला. तिचे डोळे मोठे झाले. "आजी! तिच्यासाठी किल्ला राईटला होता. तू समोर होतीस, म्हणून तुला लेफ्टला दिसला!" ती उठून ओरडली, "बाबा! बाबा, इकडे या! आजी वॉज राईट! तिने जसं बघितलं तसंच तिला आठवतंय, एक्झॅक्टली!" नीलेश फोन कानाला तसाच धरून आला. जुईने त्याला खडकावर बसवलं, मला हात उचलायला लावले. मी उचलले. तो बघत राहिला. एकदा माझ्या उजव्या हाताकडे, एकदा आपल्या डाव्याकडे. मग त्याने फोन खिशात टाकला. "हो की," तो म्हणाला. "म्हणजे आई, तू... हो की ग." आणि कितीतरी दिवसांनी तो लहानपणीसारखा, खांदे हलवत हसला. "तिकडे त्या कबुतरखान्याला तू फेऱ्या मारत होतीस आणि मी... देवा." अमिता वर पोचली होती. तिने विचारलं काय झालं, जुई तिला सांगायला लागली, दोघी हात उचलून आरसा-आरसा खेळायला लागल्या. नीलेश म्हणाला, "डिसेंबरचं तिकीट बघतो परत. आणि घरी गेल्यावर ती बटणं आधी लावतो. सॉरी, आई."

मी अजून कठड्याकडे पाठ करून उभी होते. मला आनंद झाला होता. भिंत शाबूत होती, एक वीट हललेली नव्हती. पण तळपायांना काहीतरी वेगळं कळत होतं. टाचांखालची जमीन मागे उतरत होती. बारीक खडी सरकत होती. मी हात मागे नेऊन कठडा धरला. लोखंड उन्हाने तापलं होतं. तेव्हा कठडा नव्हता. तेव्हा इथे काहीही नव्हतं. खडकापासून तीन-चार पावलं, आणि मग खाली कपारींबाहेरची कुंभारांची छपरं. आपलं गाव दाखवायला कुणी असं उभं राहत नाही. बघणाऱ्याच्या शेजारी उभं राहतात, त्याच्याच बाजूला तोंड करून, आणि बोट दाखवतात. देखाव्याकडे पाठ करून, टाचा कड्याला लावून, दोन्ही हात पसरून कुणी गाव दाखवत नाही.

बाकीच्या बायका खाली होत्या. मी वर एकटीच आले होते. खडकापाशी चपला काढल्या होत्या, शेजारी-शेजारी, सरळ. ओदीलच्या मुलखात टेकड्यांवर देव नसतात. तिने वर येऊन काय पाहिलं असेल? दोन चपला, आणि माझी पाठ. मी बसलेलीच होते का? की ती येईपर्यंत उभी होते आणि तिने हात उचलल्यावर बसले? हे मला आठवत नाही. एवढं सगळं आठवतं, मध शब्दासाठी तिने केलेला माशीचा आवाज आठवतो, आणि हे आठवत नाही. माझ्या मनात काय होतं, हेही नाही. अंतरं मला तेव्हा नीट कळत नव्हती. मी रोजच्यासारख्या सवयीने चपला काढल्या होत्या, असं मी आजही शपथेवर सांगेन. आणि तरी. ती किती वेळ बोलत होती! किल्ला संपला की चर्च, चर्च संपलं की बदकं, बदकं संपली की रिकामा कबुतरखाना. मी गाव बघत होते. ती मला बघत होती. तिचे हात इतका वेळ पसरलेले का होते, हे मी चाळीस वर्षांत कधी विचारलं नाही. आणि ज्या दगडावर आता तिचं नाव आहे त्याच्यासमोर उभी राहून मी दफनभूमी कुठल्या अंगाला असायला हवी याचा विचार करत होते.

"आजी," जुई म्हणाली, "पण ती अशी उलटी का उभी राहिली? तिला व्ह्यू दिसलाच नसेल ना."

"तिने तो आधीच पाहिलेला होता," मी म्हणाले.

खाली वारा सुटला होता. सगळ्या बागांनी एकदम कूस बदलली. नीलेश खडकावरून उठला. केस विरळ झालेला, पोट सुटलेला माझा मुलगा. त्या दुपारी तो चार वर्षांचा होता आणि खाली बसमध्ये वहाबभाईंच्या मांडीवर झोपला होता. जाग आल्यावर त्याने पहिली हाक मला मारली होती आणि मी तिथे होते. त्याने वाकून माझ्या चपला उचलल्या, एका हातात धरल्या आणि दुसरा हात माझ्यापुढे केला. "खडे आहेत, आई. घालतेस ना?"

मी त्याचं मनगट धरलं.

"राहू देत तुझ्याच हातात," मी म्हणाले. "मी अशीच उतरते."